दाभोशाचा धबधबा, दोन स्क्रीन आणि एक थ्रीडी कॉल

तर झालं असं. गेल्या पावसाळ्यात दाभोसा धबधब्याच्या समोरच्या बाजूला उभं राहून मी व्हिडिओ कॉल लावला. जव्हार तालुक्यातल्या या जागी लेंडी नदी साधारण ३०० फुटांवरून खाली कोसळते. नेटवर्कच्या कधी दोन काड्या, कधी एक. कॉलवर दोघं जण होते. एक माझी धाकटी बहीण, नाशिकला असते, हातात साधा अँड्रॉइड फोन. दुसरा पुण्यातला मित्र. त्याच्या कॉलेजच्या लॅबमध्ये व्हीआर हेडसेट आलाय, आणि हा पठ्ठ्या तो डोक्याला लावूनच कॉलवर आला.

बहीण म्हणाली, "दादा, भिंतीवर पाणी सोडल्यासारखं दिसतंय रे." मित्र म्हणाला, "माझ्यासमोर हवेत एक पाटी टांगलीय, त्यात तू आहेस. बाकी सगळी लॅबच."

दोघांचंही खरं होतं. जी दरी बघून माझे पाय आपोआप दोन पावलं मागे सरकले होते, ती दरी त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. (आणि हो, मागेच उभे राहा. तिथला खडक पावसात शेवाळलेला असतो.)

मग प्रश्न पडला, हाच कॉल थ्रीडी असता तर? आणि लगेच दुसरा प्रश्न, जो पहिल्यापेक्षा जास्त अवघड आहे. कॉल थ्रीडी झाला तरी बहिणीच्या हातात सहा इंची सपाट काच आणि मित्राच्या डोक्यावर हेडसेट. एकाच कॉलमध्ये दोघांना काय काय दाखवायचं? आणि त्यासाठी माझ्या फोनने नक्की काय पाठवायचं?

आधी कळू द्या, थ्रीडीत जादाचं काय जातं

साध्या व्हिडिओत प्रत्येक पिक्सेलला फक्त रंग असतो. थ्रीडी कॉलमध्ये रंगाच्या जोडीला 'हा बिंदू किती लांब आहे' हेही लागतं. याला खोली म्हणा, अंतर म्हणा. तुमचा फोन हे काम आजही थोडंफार करतो. पोर्ट्रेट मोडमध्ये चेहरा स्पष्ट आणि मागचं धूसर होतं ना? त्यासाठी फोन आधी कोण जवळ, कोण लांब याचा अंदाज बांधतो. हा अंदाज कधी कधी चुकतो आणि तुमचा अर्धा कान किंवा उडालेले केस मागच्या धूसर भागात जातात. फोटोत हे हसून सोडून देता येतं. थ्रीडी कॉलमध्ये तोच कान मागच्या झाडाला चिकटलेला दिसेल.

दुसरी अडचण समजायला आमच्याकडचा बोहाडा बघा. जव्हार-मोखाड्यात बोहाड्याला देवादिकांची सोंगं नाचतात. मुखवटा समोरून बघितला तर पूर्ण चेहरा. पण बाजूला जाऊन उभे राहा, कडेला मुखवटा संपतो आणि आतली पोकळी दिसते. एका फोनने टिपलेला थ्रीडी चेहरा अगदी असाच असतो. पुढचा भाग आहे, मागे काहीच नाही. समोर बसून बघणाऱ्याला हा मुखवटा पुरतो. हेडसेटवाला मात्र उठून तुमच्या बाजूला येऊ शकतो. म्हणजे 'थ्रीडी आहे की नाही' एवढंच विचारून भागत नाही. बघणारा कुठून कुठून बघू शकतो, त्यावर किती थ्रीडी लागणार ते ठरतं.

नाशिकच्या माणसाची २५ वर्षांपेक्षा जुनी युक्ती

या विषयाचं वाचत होतो आणि एक नाव आपल्याच शेजारचं निघालं. रमेश रासकर. मूळचे नाशिकचे, पुण्याच्या सीओईपीतून इंजिनिअर झाले, पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात पीएचडी केली आणि मग एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक झाले. २०१६ साली त्यांना ५ लाख डॉलरचं लेमेल्सन-एमआयटी पारितोषिक मिळालं. दाभोशावरून जव्हार, मोखाडा, त्र्यंबक करत एसटीने नाशिक गाठता येतं, त्यामुळे मला जरा जास्तच आनंद झाला.

१९९८ मध्ये रासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ऑफिस ऑफ द फ्युचर' नावाचा शोधनिबंध मांडला. कल्पना अशी की लांबचा सहकारी तुमच्या खोलीच्या भिंतीवरच दिसावा, जणू भिंतीपलीकडे त्याचंच ऑफिस आहे. पण खऱ्या ऑफिसात भिंत कुठे पांढरीशुभ्र आणि सपाट असते? कोपरा असतो, कपाट असतं, टेबल असतं. प्रोजेक्टरने चित्र टाकलं की ते वेडंवाकडं होणार. त्यावर त्यांनी काम दोन टप्प्यांत वाटलं. पहिला टप्पा: बघणाऱ्याचा डोळा आत्ता कुठे आहे ते मोजा आणि त्या जागेवरून काय दिसायला हवं ते चित्र तयार करा. दुसरा टप्पा: समोरचा पृष्ठभाग कसा आहे ते कॅमेऱ्याने मोजा आणि ते चित्र त्या आकारावर असं बसवा की डोळ्याला सरळ दिसेल.

आधी डोळा, मग पडदा. मला वाटतं, वेगवेगळ्या उपकरणांवर थ्रीडी कॉल चालवायची सगळी किल्ली इथेच आहे. पाठवणाऱ्याने 'चित्र' पाठवायचंच नाही, 'देखावा' पाठवायचा. त्याचं चित्र करायचं काम बघणाऱ्याच्या बाजूला, त्याचा डोळा आणि त्याचा पडदा बघून. आज आपण कॉलमध्ये करतो ते उलटं आहे. माझा फोन चित्र पक्कं करून टाकतो आणि सगळ्यांना तेच चित्र वाटतो, मग समोर फोन असो, लॅपटॉप असो नाहीतर हेडसेट.

सपाट फोनवर थ्रीडी? होय, थोडं

फोन सपाट आहे म्हणजे थ्रीडी वायाच, असं बऱ्याच जणांना वाटतं. एक करून बघा. एक डोळा मिटा, अंगठा समोर धरा आणि डोकं हळूच डावीकडे-उजवीकडे हलवा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकताना दिसतो. एकच डोळा उघडा असूनही जवळ काय, लांब काय ते कळतं. मेंदूला खोली कळायला दोन डोळेच लागतात असं नाही, हालचालही पुरते.

फोनला हीच युक्ती वापरता येते. पुढचा कॅमेरा तुमचं डोकं कुठे आहे ते बघतो, आणि तुम्ही उजवीकडे झुकलात की फोन देखाव्याचं थोडं उजवीकडून दिसणारं चित्र काढतो. फोन खिडकीसारखा वाटायला लागतो. ॲमेझॉनने २०१४ मध्ये फायर फोन काढला, त्याच्या पुढच्या बाजूच्या चार कोपऱ्यांत चार कॅमेरे फक्त याच कामासाठी होते. फोन चालला नाही, पुढच्याच वर्षी विक्री बंद झाली. माझं मत विचाराल तर युक्ती चुकीची नव्हती. तेव्हा त्या खिडकीतून बघण्यासारखं फारसं काही नव्हतं, इतकंच. चिनी पदार्थांसारखं दिसणारं मेन्यू कार्ड तिरकं करून कोण किती वेळ बघणार? समोर आपलं माणूस असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

त्याआधी २०११ मध्ये एचटीसी इव्हो थ्रीडी आणि एलजी ऑप्टिमस थ्रीडी असे चष्म्याविना थ्रीडी दाखवणारे फोनही आले होते. त्यांच्या काचेमागे बारीक पट्ट्यांचा पडदा असायचा, त्यामुळे डाव्या डोळ्याला एक चित्र, उजव्याला दुसरं. पण फोन ठरावीक अंतरावर, अगदी सरळ धरावा लागायचा. जरा हलला की दोन-दोन नाकं. एसटीत बसून बोलणाऱ्या माणसाला हे कसं परवडणार?

हेडसेट: इथे घाई आहे

हेडसेटवाल्याला दोन चित्रं लागतात, एकेका डोळ्याला एकेक, आणि तीही सेकंदाला ७२ ते ९० वेळा. पण खरा त्रास आकड्याचा नाही, उशिराचा आहे. मान वळवली आणि चित्र मागून आलं की डोकं गरगरतं. म्हणून मान हलल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ सुमारे २० मिलिसेकंदांच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. मोबाइल नेटवर्कवर सर्व्हरला विचारून उत्तर यायलाच त्यापेक्षा जास्त वेळ जाऊ शकतो. म्हणजे 'आता उजवीकडचं चित्र पाठव' असं विचारत बसायची सोयच नाही. गरजेपेक्षा थोडा जास्त देखावा आधीच पाठवून ठेवायचा आणि शेवटचं वळण हेडसेटनेच द्यायचं.

फोनवाल्याला इतकी घाई नसते. फोन जरा उशिरा बदलला तर फार तर खिडकी थोडी जड वाटेल, उलटी होणार नाही. म्हणून फोनसाठी अवघड काम सर्व्हरवर करून, तयार व्हिडिओ पाठवता येतो. स्वस्त फोनसाठी ही मोठी सवलत आहे.

तिसरा प्रकार म्हणजे चष्मा-हेडसेट काहीच न लावता दिसणारा मोठा थ्रीडी पडदा. गुगलने २०२१ मध्ये 'प्रोजेक्ट स्टारलाइन' दाखवलं, २०२५ मध्ये त्याचं नाव 'गुगल बीम' झालं, आणि एचपीने त्याचं ६५ इंची यंत्र जाहीर केलं. सहा कॅमेरे, किंमत २४,९९९ डॉलर. समोरचा माणूस खऱ्या मापाचा दिसतो. फोनवर तोच माणूस अंगठ्याएवढा, आणि तिथे त्याच्या नाकाची खोली खऱ्या मापाने दाखवण्यात काही अर्थ नाही, ती पडद्याच्या मापात दाबावी लागते. एवढ्या किमतीत आमच्याकडे घर उभं राहतं, तेव्हा याच्यावर जास्त बोलत नाही.

धबधबा थ्रीडीत पाठवायचाच नाही!

हे गणित करून मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. आपल्या दोन डोळ्यांत अंतर साधारण साडेसहा सेंटिमीटर. धबधबा धरा १०० मीटर लांब. तर दोन डोळ्यांना दिसणाऱ्या दिशांमध्ये फरक पडतो एका अंशाच्या सुमारे सत्ताविसाव्या भागाइतका. मेटाच्या क्वेस्ट ३ हेडसेटमध्ये एका अंशात साधारण २५ पिक्सेल बसतात. म्हणजे १०० मीटरवरचा धबधबा आणि क्षितिजावरचा ढग, दोघांत हेडसेटला फरक दिसणार जेमतेम एका पिक्सेलचा! महागडा हेडसेट लावूनही मित्राला धबधबा पडद्यासारखाच दिसला असता.

मग मला तिथे उभं राहून दरी कशी कळली? खाली दिसणाऱ्या माणसांच्या मुंगीएवढ्या आकारावरून. वर येणाऱ्या तुषारांवरून. दोन पावलं चाललो की जवळचं झुडूप सरकतं आणि समोरचा कडा जागचा हलत नाही, त्यावरून. आणि आवाजावरून, जो छातीत जाणवतो.

वर धबधबा म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या तंत्राचा शत्रू. हे तंत्र 'मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं' तेवढंच पाठवून डेटा वाचवतं. कोसळत्या पाण्यात प्रत्येक फ्रेमला सगळंच बदलतं. म्हणून माझ्या कॉलमध्ये पाण्याच्या जागी चौकोन नाचत होते.

तेव्हा शहाणपणाची वाटणी अशी: माझा चेहरा, खांदे, हातातली छत्री हे दोन-तीन मीटरच्या आतलं खऱ्या खोलीसकट पाठवा. धबधबा मागे एक सपाट पडदा म्हणून, कमी दर्जात. आणि आवाज दिशेसकट. आवाजाला डेटा फारच कमी लागतो आणि साध्या इयरफोनवरही पाणी डावीकडे पडतंय की मागे, हे कळू शकतं. फोनवाल्याला पहिली थ्रीडी गोष्ट द्यायची तर मी चित्राआधी आवाज देईन.

दीड जीबीत किती मिनिटं?

आता खिशाचा प्रश्न. एक माणूस दहा लाख बिंदूंनी उभा केला, असं धरू. प्रत्येक बिंदूला जागेसाठी ३० बिट, रंगासाठी २४. सेकंदाला ३० वेळा. गुणाकार करा: सेकंदाला १६२ कोटी बिट. हे आपल्या रोजच्या मोबाइल नेटवर्कवर झेपणारं नाही.

म्हणून २०२१ मध्ये 'व्ही-पीसीसी' नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्याची युक्ती शिंप्याची आहे. अंग गोल, कापड सपाट. शिंपी बाही, पाठ, गळा असे भाग सपाट कापडावर खडूने जवळजवळ आखतो. इथेही माणसाचे तुकडे करून एका सपाट चित्रात मांडतात: एक चित्र रंगांचं, एक अंतरांचं, आणि एक 'कुठे कापड आहे, कुठे रिकामी चिंधी' हे सांगणारं. तिन्ही चित्रं साध्या व्हिडिओसारखी दाबून पाठवतात. फायदा असा की फोनमधली व्हिडिओ उघडणारी जी चिप यूट्यूबसाठी वापरली जाते, तीच इथे चालते. हे मानक बनवणाऱ्या एमपेग गटाच्या म्हणण्यानुसार, दहा लाख बिंदूंचं असं दृश्य ८ एमबीपीएसमध्ये चांगल्या दर्जात बसतं.

८ एमबीपीएस म्हणजे मिनिटाला ६० एमबी. रोजचा दीड जीबीचा पॅक २५ मिनिटांत फस्त. स्टारलाइनच्या शोधनिबंधात ३० ते १०० एमबीपीएस लागतात असं दिलंय. ३० धरलं तरी पॅक सात मिनिटं टिकणार नाही. १ एमबीपीएसच्या साध्या कॉलला मात्र तोच दीड जीबी तीन तासांहून जास्त पुरतो.

इथे खरं काहीतरी पणाला लागलेलं आहे. जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडतात, वीटभट्टीवर, बांधकामावर. घरी राहिलेल्या आजीशी बोलायला एक फोन असतो. आता समजा एका कॉलमध्ये एक जण हेडसेटवाला आहे आणि ॲपने ठरवलं की त्याला बघायला हवं म्हणून पाड्यावरच्या फोननेही सगळा थ्रीडी डेटा चढवावा. फोन तापणार, बॅटरी उतरणार, पॅक संपणार, आणि पहिला कॉल कटणार तो आजीचाच. शिवाय गावाकडे अपलोड हे डाउनलोडपेक्षा बहुतेक वेळा हळू.

आजच्या ग्रुप कॉलमध्ये यावर अर्धं उत्तर आहे. कॉल जोडताना फोन एकमेकांना आपली कुवत सांगतात: मला हा व्हिडिओ प्रकार कळतो, तो नाही. मधला सर्व्हर मग ज्याला जेवढं झेपेल तेवढ्या दर्जाचा व्हिडिओ पुढे पाठवतो. थ्रीडी कॉलमध्ये ही चौकशी वाढवायला हवी. पडदा सपाट की दोन डोळ्यांचा? डोकं कुठे आहे ते मोजता येतं का? बॅटरी किती? आणि नियम असा हवा की पाठवणाऱ्याने आपल्या कुवतीपुरतंच पाठवायचं. साध्या फोनने साधा व्हिडिओ पाठवला तरी त्यातून खोलीचा अंदाज काढून हेडसेटसाठी मुखवटा तयार करायचं कष्टाचं काम सर्व्हरने करावं, किंवा ज्याने महागडं यंत्र घेतलंय त्या यंत्राने.

मिश्र कॉल कसा दिसतो याचे दोन नमुने आधीच झालेत. जुलै २०२० मध्ये रिलायन्सच्या सभेत ७५ ग्रॅमचा जिओ ग्लास दाखवला, तेव्हा त्या कॉलवर एक जण थ्रीडी अवतारात होता आणि दुसरी व्यक्ती साध्या सपाट व्हिडिओत. ॲपलच्या व्हिजन प्रोचं उलट आहे. तो घातल्यावर चेहराच झाकला जातो, म्हणून आधी चेहरा स्कॅन करून त्याचा 'पर्सोना' बनवतात. दोन व्हिजन प्रोवाले एकमेकांना खोलीत बसल्यासारखे दिसतात, आयफोनवाल्याला मात्र तोच पर्सोना चौकटीत सपाट दिसतो. आणि गंमत बघा, आयफोनवाल्याचा चेहरा खरा आहे, साडेतीन हजार डॉलरवाल्याचा बनवलेला.

तर दाभोशाच्या कॉलचं पुढे काय झालं? हे सगळं वाचल्यावर मी परत गेलो आणि बहिणीला कॉल लावला. तोच फोन, तेच नेटवर्क. या वेळी फोन एका जागी न धरता, काठापासून लांब, सपाट जागेवर, धबधब्याकडे कॅमेरा ठेवून मी हळूहळू दहा पावलं आडवा चाललो. मधलं करवंदीचं झुडूप स्क्रीनवरून सरकत गेलं आणि मागचा कडा जवळपास तसाच राहिला. साडेसहा सेंटिमीटरने जे साधलं नसतं, ते सात मीटरने साधलं.

"थांब थांब," बहीण म्हणाली. "परत मागे ये. मधे दरी आहे होय रे? मला वाटलं, झाडामागे लगेच पाणी आहे."